गेटवर माजी सैनिकाची कॉलर धरली, पोलिसांनी एन.सी. दिली : पुढे काय करावे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याचे वडील भूदलातून हवालदार म्हणून निवृत्त झाले असून धानोरी भागातील एका मोठ्या गृहनिर्माण संस्थेत खासगी एजन्सीमार्फत सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून काम करतात. पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये कायमची गाडी लावू नये, असे सांगितल्यावरून एका सभासदाने त्यांची कॉलर धरली, टोपी उडवली आणि ‘मिलिटरीचा रुबाब इथे नको, पगार आम्ही देतो’ असे चारचौघांत सुनावले. चौकीवर एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली गेली. एजन्सीने दुसऱ्याच दिवशी वडिलांना दुसऱ्या साइटवर जायला सांगितले. वडील ‘सोडून दे’ म्हणतात. सैनिकाच्या अपमानासाठी वेगळा कायदा आहे का, आणि ज्या पुण्यात पावलोपावली लष्कर आहे तिथेही असे का घडते, असे चिरंजीवांनी विचारले आहे. मी शिवाजीनगर न्यायालयात वकिली करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांत माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांचा भरणा मोठा आहे. त्या अनुभवावरून हे उत्तर देत आहे.

आधी जे नाही ते सांगतो. माजी सैनिकाला शिवी दिली किंवा त्याच्या सेवेची टिंगल केली, तर त्यासाठी आपल्याकडे वेगळा गुन्हा नाही. ‘फौजीवर हात टाकला की अजामीनपात्र गुन्हा’ असा जो मजकूर माजी सैनिकांच्या व्हॉट्सअॅप गटांत अधूनमधून फिरतो, तो लोकसेवकावरील हल्ल्याच्या कलमाशी केलेली गल्लत आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ कर्तव्य बजावत असलेल्या लोकसेवकासाठी आहे. निवृत्त सैनिकाला ते लागू होत नाही, आणि रजेवर घरी आलेल्या, बांधावरून किंवा टोलनाक्यावर मार खाल्लेल्या सेवेतील जवानालाही सहसा लागू होत नाही. तेव्हा ठाणे अंमलदाराशी या मुद्द्यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. तुमच्या वडिलांची बाजू मला भक्कम वाटते, पण ती इतर कोणत्याही नागरिकाला उपलब्ध असलेल्या साध्या कलमांवर उभी करावी लागेल.

तुमच्या पत्राच्या शेवटी, जवळजवळ जाता जाता लिहिलेले एक वाक्य आहे : टोपी उडवल्यानंतर तो सभासद आणि त्याचे दोन मित्र केबिनच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी दहा मिनिटे वडिलांना बाहेर येऊ दिले नाही. कायद्याच्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातले सर्वांत वजनदार वाक्य तेच आहे. शिवीगाळ करून मुद्दाम चिथावणे (कलम ३५२), साधी दुखापत (कलम ११५, पोटकलम २) आणि अब्रू घालवण्याच्या हेतूने अंगावर हात टाकणे (कलम १३३) हे तिन्ही गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्यांचा तपास करू शकत नाहीत. त्यामुळे चौकीवरच्या हवालदाराने ‘शिवीगाळ व धक्काबुक्की’ एवढेच ऐकले असेल, तर त्याने एन.सी. लिहिणे नियमाला धरूनच होते. परंतु माणसाची वाट अडवणे (कलम १२६) आणि त्याला कोंडून ठेवणे (कलम १२७) हे गुन्हे दखलपात्र आहेत, मग शिक्षा कितीही लहान असो. आणि एकाच घटनेत एक जरी गुन्हा दखलपात्र असेल, तर संपूर्ण प्रकरण दखलपात्र समजावे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४, पोटकलम ४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे केबिनच्या दारातली ती दहा मिनिटे जबाबात आली, तर टोपीची आणि कॉलरची चौकशीही पोलिसांना करावीच लागेल.

पुण्यात बहुतेक लोक चौकीपर्यंत जाऊन परत येतात. चौकीवर एन.सी. घेतली जाते, गुन्हा मात्र पोलीस ठाण्यात दाखल होतो. म्हणून वडिलांनी आता ठाण्यात जाऊन वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे लेखी तक्रार द्यावी, आवक शिक्क्यानिशी पोच घ्यावी आणि त्यात आधीच्या एन.सी.चा क्रमांक नमूद करावा. तिथेही टाळाटाळ झाली तर कलम १७३, पोटकलम ४ प्रमाणे तक्रारीचा सारांश वरिष्ठांना, म्हणजे आयुक्तालयाच्या हद्दीत परिमंडळाच्या उपायुक्तांना, लेखी व टपालाने पाठवावा. त्यानंतरचा टप्पा न्यायदंडाधिकाऱ्यांचा, आणि तिथे अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागते. एन.सी. तशीच राहिली, तरी दंडाधिकाऱ्यांकडून तपासाचा आदेश मागता येतो किंवा थेट खासगी फिर्याद करता येते. यापैकी काहीही करायचे असल्यास कालमर्यादा लक्षात ठेवावी : ज्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंतची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालय घटनेपासून एक वर्षाच्या आतच घेऊ शकते.

पुराव्याच्या बाबतीत घाई करावी लागेल. सोसायटीच्या सीसीटीव्ही यंत्रणेत जुने चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते, आणि ‘साहेब, फुटेज होते पण आता नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की पक्षकाराला मी पहिला प्रश्न घटनेचा न विचारता कॅमेऱ्याचा विचारतो. संस्थेच्या सचिवांना आजच पत्र द्या : अमुक तारखेचे, अमुक वेळेचे, मुख्य गेट व केबिनसमोरील कॅमेऱ्याचे चित्रण जतन करावे, नष्ट झाल्यास जबाबदारी समितीची राहील. त्या पत्राची प्रत तपास अधिकाऱ्याला द्या. पुढे न्यायालयात ते चित्रण वापरायचे झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, ही गोष्ट तपास अधिकाऱ्यालाही आठवण करून द्यावी लागते. मानेला किंवा खांद्याला हिसका बसला असेल, तर ससूनमध्ये किंवा अन्य रुग्णालयात तपासणी करून घ्या आणि ‘मारहाणीमुळे’ हा शब्द केसपेपरवर येईल असे पाहा. तीव्र वेदना किंवा नेहमीची कामे करण्याची असमर्थता पंधरा दिवस टिकली, तर दुखापत ‘गंभीर’ या वर्गात जाते. जुन्या दंड संहितेत ही मुदत वीस दिवसांची होती.

आता तक्रारीच्या मजकुराकडे येतो, कारण माजी सैनिकांची प्रकरणे मला बहुतांशी इथेच फसताना दिसतात. माझ्याकडे येणारे अर्ज साधारणपणे असे सुरू होतात : ‘मी भारतीय सैन्यदलात चोवीस वर्षे निष्ठेने सेवा केली असून सियाचीन, राजौरी व ईशान्य भारतात देशाच्या सीमांचे रक्षण केले आहे. अशा सैनिकाचा भररस्त्यात अवमान होणे ही लाजिरवाणी बाब आहे.’ यातला शब्दन् शब्द खरा असतो. परंतु लिहून घेणारा अंमलदार दुसऱ्या परिच्छेदापर्यंत पोहोचण्याआधीच मनाशी ठरवून बसतो की हा मानापमानाचा विषय आहे, आणि मानापमान म्हणजे एन.सी. त्याऐवजी अर्ज असा सुरू व्हावा : ‘दिनांक अमुक रोजी सायंकाळी सुमारे सव्वासात वाजता मी संस्थेच्या मुख्य गेटवरील केबिनमध्ये कर्तव्यावर असताना, सदनिका क्रमांक अमुक येथील श्री. अमुक यांनी उजव्या हाताने माझी कॉलर पकडली, डाव्या हाताने डोक्यावरील टोपी खाली पाडली, आणि त्यानंतर त्यांच्यासह तिघांनी केबिनच्या दारात उभे राहून मला सुमारे दहा मिनिटे बाहेर पडण्यास मज्जाव केला.’ शिव्या जशाच्या तशा, अवतरणचिन्हांत लिहाव्यात. ‘अर्वाच्य भाषेत’ एवढे लिहून भागत नाही. सैन्यसेवेचा उल्लेख शेवटी, एका ओळीत, सेवा क्रमांकासह यावा. ज्या माणसाने आयुष्यभर घटना अहवाल लिहिले किंवा लिहवून घेतले, त्याला ही पद्धत नवी नाही. स्वतःवर बेतले की मात्र तो सैनिकासारखा अहवाल न लिहिता निवेदन लिहू लागतो, असे मला नेहमी दिसते.

एजन्सीने साइट बदलली, हा दुसरा आणि माझ्या मते अधिक गंभीर अन्याय आहे, कारण त्यामुळे मार खाणाराच दोषी ठरतो. बदली करण्याचा अधिकार करारानुसार एजन्सीला असू शकतो. तरीही बदलीचे कारण लेखी मागावे. पगार, भविष्य निर्वाह निधी आणि जादा कामाचा मोबदला याच संधीला तपासून घ्यावा. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे आणि त्यात माजी सैनिकांना नेमणुकीत प्राधान्य देण्याची तरतूद आहे. परवाना टिकवायचा असतो, त्यामुळे लेखी पत्राला एजन्सी सहसा उत्तर देते. मुख्य दाब मात्र करारातून येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मेरठजवळच्या भुनी टोलनाक्यावर रजा संपवून कामावर परतणाऱ्या एका जवानाला कर्मचाऱ्यांनी खांबाला बांधून मारले, तेव्हा अटका तर झाल्याच, पण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने टोल वसूल करणाऱ्या कंपनीला वीस लाख रुपयांचा दंड ठोठावला आणि तिचे कंत्राट संपवण्याची कारवाई सुरू केली. कंत्राटदाराला ही भाषा चटकन समजते. तुमच्या बाबतीत कंत्राट सोसायटीने दिलेले आहे, म्हणून सुरक्षा कर्मचाऱ्यावर सभासदाने हात टाकल्यास संस्था काय करणार, याचे कलम करारात घालायला समितीला भाग पाडणे हाच टिकाऊ उपाय होय. मेस्को, म्हणजे राज्य शासनाचे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, याचे मुख्यालय पुण्यातच आहे. त्यांच्यामार्फत काम मिळत असेल तर वडिलांनी तिथे नाव नोंदवावे. खासगी एजन्सीच्या तुलनेत तिथे निदान दाद कोणाकडे मागायची हे ठाऊक असते.

‘पुण्यात असे का’ या प्रश्नाला माझे उत्तर थोडे कडवट आहे. दक्षिण कमांडचे मुख्यालय, खडकवासल्याची प्रबोधिनी, खडकीचे बॉम्बे सॅपर्स, दापोडीचे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय, वानवडीचे वैद्यकीय महाविद्यालय हे सगळे इथे आहे, आणि १९९८ मध्ये उभे राहिलेले घोरपडीचे युद्धस्मारक तर लोकवर्गणीतून झाले. पुणेकराला लष्कराविषयी प्रेम नाही, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ते प्रेम गणवेशावर, संचलनावर, स्मारकावर आहे. साधा जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो, कारण सैन्याला तरुण माणसे लागतात. सातारा, सांगली, अहिल्यानगर, जुन्नर-खेड भागातला तो मुलांच्या शिक्षणासाठी दिघी, धानोरी, विश्रांतवाडी, देहूरोड या भागांत घर घेतो. निवृत्तिवेतनात कर्जाचा हप्ता बसत नाही, म्हणून दुसरी नोकरी धरतो, आणि ती नोकरी बहुतेक वेळा कोणाच्या तरी गेटवर असते. तिथे तो सभासदांच्या मेंटेनन्समधून पगार घेणारा माणूस ठरतो. २६ जानेवारीला झेंडा फुलांसह घडी घालून एका हिसक्यात उघडेल अशा गाठीने बांधायचा असला, की सगळ्या सोसायटीत ती गाठ येणारा तोच एक असतो, म्हणून आदल्या संध्याकाळी त्याला आदराने बोलावणे येते. सत्ताविसाव्या तारखेला मात्र डिलिव्हरीचा मुलगा उशिरा वर सोडला म्हणून तोच शिव्या खातो. गावाकडे ज्याला सगळे ‘मेजर’ म्हणून हाक मारतात, त्याला ही उतरंड पचवायला फार जड जाते, आणि त्याच्या आवाजातली हुकमाची सवय सभासदाला उर्मटपणा वाटते. दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत. काही माजी सैनिकही गेटवर अनावश्यक कडक वागतात, हे मान्य करायला हवे. मात्र त्यावर उपाय समितीकडे तक्रार करण्याचा असतो, कॉलर धरण्याचा नसतो.

सैनिकाला मिळणारा मान त्याच्या जातीधर्माप्रमाणे कमी-जास्त होतो, हेही टाळता येणार नाही. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारकडे विनंतीअर्ज केला. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये तीच मागणी पुन्हा लावून धरली. लढून आलेल्या माणसाला गावात पाणवठ्यावर काय वागणूक मिळत होती, हे त्या अर्जांमागचे दुखणे होते. जुलै २०२५ मध्ये याच शहरात, चंदननगर भागात, कारगिल युद्धात भाग घेतलेल्या एका माजी सैनिकाच्या कुटुंबाने तक्रार केली की रात्री जमाव घरात शिरला आणि नागरिकत्वाचे पुरावे मागू लागला. पोलिसांनी आपली बाजू वेगळी मांडली. तुमच्या प्रकरणात जातीचा उल्लेख झाला असेल आणि वडील अनुसूचित जाती-जमातीचे असतील, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. तपास सहायक आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि प्रकरणाचे स्वरूपच बदलते. मात्र जे बोलले गेलेच नाही ते तक्रारीत घालू नये. त्याने खरी तक्रारही बुडते.

वास्तविक, कॉलर धरण्याचे प्रकार माझ्याकडे तुलनेने कमी येतात. माजी सैनिकांची रोजची अवहेलना खिडकीपलीकडे होते, आणि तिचे चित्रण कोणी व्हायरल करत नाही. एक उदाहरण तपशिलाने सांगतो, कारण ते आपल्याकडच्या चालीरीतीतून निर्माण होणारे आहे. लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची पद्धत अनेक घरांत होती. जवानाने युनिटमध्ये लग्नाची नोंद केली ती कधी माहेरच्या नावाने, कधी सासरच्या. कारकून हिंदी भाषक असल्याने ‘सुशीलाबाई’चे ‘सुशीला देवी’ झाले. आधार कार्डावर ‘सुशिला’, बँकेत ‘शालन’. पतीच्या हयातीत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीत जातो आणि नाव जुळत नाही म्हणून परत येतो. मग साठी उलटलेली बाई डेथ सर्टिफिकेट, पी.पी.ओ. (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश) आणि बँकेचे पासबुक असलेली प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरते, आणि काउंटरवरचा माणूस मान वर न करता कागद सरकवून म्हणतो, ‘बाई, ही तुम्ही कशावरून?’ त्या प्रश्नाला कायदेशीर उत्तर आहे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नावबदल किंवा ग्रामपंचायतीचा दाखला, आणि त्या आधारे संबंधित अभिलेख कार्यालयाकडून सेवाभिलेखात दुरुस्तीचा आदेश, अशा क्रमाने ते सुटते. पती हयात असतानाच ही दुरुस्ती करून घ्यावी, असे मी प्रत्येक माजी सैनिकाला सांगतो. तुमच्या वडिलांनाही तेच सांगतो. आईचे नाव पी.पी.ओ., आधार आणि बँक या तिन्ही ठिकाणी अक्षरशः एकच आहे का, ते आज रात्री पाहा. विधवेला मोफत कायदेशीर मदत मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. महिला म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तिला वकील देते, आणि त्याचे कार्यालय शिवाजीनगरच्या न्यायालयातच आहे.

रुग्णालयांच्या बाबतीत थोडक्यात : माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, म्हणजे ई.सी.एच.एस.मध्ये, समाविष्ट असलेल्या खासगी रुग्णालयाने रोखविरहित उपचार द्यायचे असतात. बिले वेळेवर मिळत नाहीत म्हणून काही ठिकाणी ई.सी.एच.एस.च्या रुग्णाला वेगळ्या रांगेत ताटकळत ठेवतात किंवा अनामत रक्कम मागतात. रुग्णालयाची सरकारवरची थकबाकी हा रुग्णाचा विषय नाही. मागणी लेखी द्या, असे शांतपणे म्हणावे. लेखी कोणी देत नाही. तातडीच्या वेळी योजनेबाहेरच्या रुग्णालयात जावे लागले, तर दोन दिवसांच्या आत ई.सी.एच.एस.च्या पॉलिक्लिनिकला कळवणे विसरू नये, कारण पुढची प्रतिपूर्ती त्यावर अवलंबून असते.

घर आणि जमीन या विषयांत मात्र कायद्याने सैनिकाला खरोखर वेगळे संरक्षण दिले आहे, आणि नेमके तेच लोकांना माहीत नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २३ नुसार सेवेतील किंवा निवृत्त सैनिकाला स्वतःच्या वा कुटुंबाच्या राहण्यासाठी आपली भाड्याने दिलेली जागा परत हवी असेल, तर त्या परिसरात दुसरे योग्य घर नसल्याबद्दलचे सेवाप्रमुखाचे अथवा कमांडिंग ऑफिसरचे प्रमाणपत्र जोडून सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. ‘फौजी आहे, वर्षातून एकदा येणार, काय करणार’ या हिशेबाने जागा अडवून बसलेल्या भाडेकरूला या कलमाची कल्पना नसते. त्याचप्रमाणे १९५० च्या आर्मी ॲक्टचे कलम ३२ सांगते की सेवेतील जवानाने दाव्यासाठी रजा घेतल्याचे लष्करी प्रमाणपत्र दाखल केले, तर न्यायालयाने शक्य तितके त्या रजेच्या काळातच सुनावणी घेऊन प्रकरण संपवावे. हा अर्ज बहुतेक वकील करतच नाहीत. जवान रजा टाकून येतो, पुढची तारीख घेऊन परत जातो, आणि इकडे भाऊबंद बांध कोरत राहतात. टोलच्या बाबतीत मात्र नसलेल्या हक्कासाठी भांडू नये. १९०१ च्या कायद्यातली सवलत कर्तव्यावरील सैनिकासाठी आहे. निवृत्त सैनिकाच्या खासगी गाडीला ती नाही. परमवीर चक्रापासून शौर्य चक्रापर्यंतचे शौर्य पदकधारक ओळखपत्र दाखवून सूट घेऊ शकतात, ती गोष्ट वेगळी. नाक्यावर होणाऱ्या बाचाबाचींपैकी काही या गैरसमजातून होतात आणि मग दोष कोणाचा हे सांगणे अवघड होते.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून काय अपेक्षा ठेवावी, हेही स्पष्ट करतो. ते कार्यालय पोलिसांना आदेश देऊ शकत नाही. पण जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचे पत्र पोलीस ठाण्यात वाचले जाते, आणि तिथले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिक असल्यामुळे तक्रारीची भाषा त्यांना समजावून सांगावी लागत नाही. वडिलांचे ओळखपत्र, डिस्चार्ज बुक आणि तक्रारीची पोच घेऊन तिथे जा. जुलै २०२५ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिकांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहाय्यता योजना आणली असून सैनिक बोर्डांमध्ये कायदेविषयक मदत केंद्रे सुरू करण्याचे तिच्यात ठरले आहे, तिचीही चौकशी करा. माजी सैनिक संघटनेला कळवायला हरकत नाही, परंतु त्या सभासदाच्या फ्लॅटखाली तिरंगे घेऊन पन्नास जण जमवू नका. अशा जमावात दुसऱ्या दिवशी कोणत्या तरी पक्षाचे लोक पुढे होतात, तिसऱ्या दिवशी बेकायदा जमावाचा गुन्हा तुमच्याच माणसांवर दाखल होतो, आणि मूळ प्रकरण तडजोडीला येते. त्या सभासदाचे नाव आणि फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याबाबतही माझा सल्ला नकाराचाच आहे. फौजदारी तक्रार प्रलंबित असताना समोरच्याला बदनामीची उलट फिर्याद करायला साधन कशाला पुरवायचे?

राहिला वडिलांच्या ‘सोडून दे’चा प्रश्न. सैन्यात तक्रार वरच्या साहेबाकडे जाते, साहेब निर्णय देतो, विषय संपतो. नागरी जीवनात तक्रारदारालाच वर्षानुवर्षे स्वतःची तक्रार वाहून न्यावी लागते आणि वर उलटतपासणीत ‘तुम्ही आधी आवाज चढवला ना?’ हे ऐकावे लागते, याची त्यांना कल्पना असावी. माजी सैनिक मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले, १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी पॅरालिम्पिकचे सुवर्णपदक जिंकले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या हाती पडला तो २०२५ मध्ये. इतका काळ वाट पाहण्याची सक्ती मी कोणावर करणार नाही. निर्णय वडिलांचाच आहे, तुमचा नाही, आणि त्यांच्या वतीने तुम्ही चढवलेल्या आवाजाचा त्रास त्यांनाच होईल. म्हणून त्यांना एक मधला मार्ग सुचवून पाहा. पुराव्याचे पत्र आणि ठाण्यातील लेखी तक्रार एवढे करून ठेवावे, म्हणजे हक्क शाबूत राहतात. त्यासोबत व्यवस्थापक समितीकडे, सभासदाच्या तोंडी माफीवर समाधान न मानता, लेखी ठराव मागावा. ठरावात घटनेची तारीख, सदनिका क्रमांक, त्या सभासदाने व्यक्त केलेली दिलगिरी, वडिलांना त्याच गेटवर पूर्ववत नेमण्याची एजन्सीला केलेली शिफारस आणि पार्किंगचा नियम सर्व सभासदांना बंधनकारक असल्याचा उल्लेख असावा. तो इतिवृत्तात नोंदवून त्याची प्रत एजन्सीला आणि पोलीस ठाण्याला जावी व महिनाभर सूचना फलकावर राहावी. गुन्हे साधे असल्याने न्यायालयाबाहेर असे मिटवण्याला कायद्याची आडकाठी सहसा येत नाही. समितीने पंधरा दिवसांत ठराव केला नाही, तर उपायुक्तांकडचा अर्ज टपालात टाकावा. दोन्ही मसुदे आताच तयार करून ठेवा आणि सही करण्यापूर्वी वडिलांना दोन्ही वाचून दाखवा.